अंगाला लागणारा चुना

ज्या फोटोखाली साडेचार हजार लोकांनी शिव्या लिहिल्या, त्या फोटोत जगदेवकाकांची फक्त पाठ दिसते. शिडीवर चढलेला एक म्हातारा, अंगात भोकं पडलेलं बनियन, हातात ब्रश आणि समोर गव्हाणपूरची वेस. अर्धी काळी, अर्धी बदामी. खाली ओळ होती, 'आपलेच लोक आपला वारसा कसा मारतात, बघा.'

त्या शिव्या मी एका रविवारी बसून सगळ्या वाचल्या. अडाणी. गावठी. यांना काय कळतं. हात तोडले पाहिजेत यांचे. लिहिणारे पुण्याचे होते, नागपूरचे होते, एक जण तर कॅनडात राहणारा होता. या माणसाचं नाव काय, असं साडेचार हजारांतल्या एकानंही विचारलं नव्हतं.

नाव जगदेव. वय चौसष्ट. दोन एकर शेत, त्यात सोयाबीन आणि तूर. बायको रंगूबाई. आणि गेली चव्वेचाळीस वर्षं गव्हाणपूरच्या वेशीला चुना देण्याचं काम, जे त्यांच्या आधी त्यांचे वडील करत आणि वडिलांच्या आधी आजोबा. या कामाची नेमणूक कुठल्या कागदावर नाही. पोळा आला की गाव जगदेवकडे बघतं आणि जगदेव आभाळाकडे, एवढंच.

गव्हाणपूरला यायचं तर शेलूबाजारला उतरायचं. तिथून काळीपिवळी जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. मग पाऊण तास. ओढ्यावरचा पूल ओलांडला की समोर वेस. दोन बुरूज, मध्ये कमान, कमानीवर वाढलेलं गवत. लाकडी दरवाजे कधीच गेले, एक लोखंडी बिजागर तेवढं राहिलं आहे. आत एकच मोठा रस्ता, त्याच्या एका टोकाला मारुती आणि दुसऱ्या टोकाला मशीद, आणि मधोमध मंगळवारचा बाजार. पोळ्याच्या दिवशी गावातल्या सगळ्या जोड्या वेशीबाहेर उभ्या राहतात. कमानीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. ते तुटलं की बैल वेशीतून आत येतात आणि गावाचा पोळा फुटला असं म्हणतात. ती वेस त्या दिवशी पांढरी लागते. पायथ्याला दोन हात गेरूचा पट्टा लागतो. ते केल्याशिवाय तोरण चढत नाही.

मी याच गावची, स्थापत्य अभियांत्रिकीचा डिप्लोमा केला आहे. तीन वर्षांत चुन्याला आम्हाला अर्धा तास मिळाला. सरांनी सांगितलं, पूर्वी चुना वापरत, आता सिमेंट आहे, पुढचं पान उलटा. चुना मी शिकले ती जगदेवकाकांकडून, सुटीत त्यांच्या चुन्याच्या टाकीशेजारी बसून. कळीचा चुना महिनाभर आधी भिजत घालायचा. जुन्या लुगड्यातून गाळायचा. त्यात डिंक, बेलफळाचा गर, चिमूटभर नीळ. कुंचा विकत आणायचा नाही, शिंदीच्या फोकाचं टोक ठेचून करायचा. एकदा मी विचारलं होतं की भर पावसाळ्यात चुना कशाला द्यायचा, उन्हाळ्यात लवकर वाळला असता. काका म्हणाले होते, "लवकर वायला का त्याची राख होते. चुन्याले ओल पाह्यजे. हळू वायला पाह्यजे." पुढे मी पुस्तकात शोधलं. बरोबर होतं.

त्यांच्या घरात कोनाड्यात वेशीवरून निघालेली एक खपली ठेवलेली असते. भाकरीच्या काठाएवढी जाड. आडवी धरली की थर मोजता येतात. पांढरा, पांढरा, मध्येच निळसर, कारण त्या वर्षी नीळ जास्त पडली होती. एक थर मळकट, तो दुष्काळातला; पाणी गढूळ होतं. 'हा बापाच्या हातचा,' असं म्हणून ते नखानं एक रेघ दाखवतात. या देशात जुनं काय असतं हे ज्यांना शिकवायचं आहे, त्यांनी आधी ही खपली बघायला हवी होती.

पण आधी माझी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी मोबाइलवरून वेशीचे फोटो काढले आणि नकाशावर जागा नोंदवली. मे महिन्यात उंचवट्यांवरचा चुना धुपून गेलेला असतो, काळा दगड उघडा पडतो; जुने थर सांध्यांत आणि खोबणींत तेवढे राहतात. फोटो छान आले. खाली मी लिहिलं, 'फारसं कुणाला माहीत नसलेलं, गर्दीपासून दूर असलेलं सुंदर गाव.' गावात दोन हजार माणसं राहतात, हे लिहायचं राहिलं.

ते वाचून यंदा जानेवारीत प्रज्वल आला. पुण्यातली एक सहल कंपनी आहे, ती लोकांना गर्दी नसलेल्या गावांत नेते. त्या कंपनीचा तो माणूस. तिशीचा, बोलायला गोड. सोबत दोन मुली होत्या. त्यांनी बाजार पाहिला, मशिदीची लाकडी जाळी पाहिली, निजामचाचांच्या रंगाच्या दुकानासमोर बसून चहा घेतला. वेशीवर तेव्हा चुना निम्मा शिल्लक होता, निम्मा गेलेला. प्रज्वलला ते फार आवडलं. इथं अजून काही बिघडलेलं नाही, असं तो दोनतीनदा म्हणाला. दोघींतली एक जण फोटोसाठी वेशीला पाठ टेकून उभी राहिली. तिचा कुर्ता काळा होता. ती बाजूला झाली तेव्हा पाठभर चुना लागलेला.

ती हसली, झटकू लागली. चुना असा झटकून जात नाही. जगदेवकाकांनी खांद्यावरचा दुपट्टा ओला करून दिला, तरी डाग राहिलाच. ती मुलगी विसरूनही गेली असेल. काका विसरले नाहीत. घरी जाऊन रंगूकाकूंना त्यांनी सांगितलं की पाहुणी आली आणि आपल्या वेशीनं तिचं कापड खराब केलं.

प्रज्वलनं सरपंच गोविंदसिंगांना सांगितलं की फेब्रुवारीच्या शेवटी बावीस पाहुणे आणतो. जमलं तर दर महिन्याला. लोकांच्या घरी राहतील, घरचं खातील. गाव कामाला लागलं. आमच्याकडे लग्नाचं वऱ्हाड येणार असलं की घराला रंग देतात. न दिला तर पाहुण्याला वाटतं, आपलं येणं यांना जड झालं. ओटे सारवले गेले. मारुतीच्या पायऱ्या धुतल्या गेल्या. आणि जगदेवकाका स्वतःहून निजामचाचांच्या दुकानात गेले.

निजामुद्दीन चाचांचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान वेशीच्या अगदी समोर आहे. कळीचा चुनासुद्धा त्यांच्याकडूनच यायचा. दोघांची मैत्री शाळेच्या बाकावरची. काकांनी बदामी तेलरंगाचे डबे मागितले, तेव्हा चाचांना वाटलं घराच्या दारांसाठी आहेत. वेशीसाठी, असं कळल्यावर त्यांनी उचललेला डबा परत फळीवर ठेवला. हे बोलणं झालं तेव्हा मी दुकानातच होते, खिळे घ्यायला आले होते.

"जगदेवा, दगडाले तेलरंग? होशमध्ये हायेस ना? चाळीस साल तूच मले सांगत आला, दगडाचं तोंड बंद करू नको म्हनून."

"माहीत हाये मले. पन चुन्यानं पाहुन्याइचे कपडे खराब होतेत."

"तो सांग ना त्याइले, भितीले टेकू नका म्हनून."

"पाहुन्याले असं सांगतेत काय, निजामभाई?"

चाचांनी फळीवरचा डबा पुन्हा खाली काढला. काका पुढे म्हणाले की एवढा उन्हाळाच प्रश्न आहे. मृग लागायच्या आत सगळा रंग खरडून काढतो आणि पोळ्याला नेहमीसारखा चुना देतो. त्यांना धोका माहीत होता. तो किती दिवस चालेल याचा त्यांचा हिशेब होता. एका अनोळखी मुलीच्या कुर्त्यासाठी त्यांनी आपल्या बापाच्या कामावर चार महिन्यांची जोखीम घेतली होती. हे साडेचार हजार लोकांना माहीत नाही. त्यांना सांगायची सोय नाही, कारण त्यांनी विचारलेलं नाही.

सहा दिवस काका शिडीवर होते. खाली मरून रंगाचा पट्टा, वर बदामी. तो फोटो सरपंचांनी काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला, 'पाहुण्यांच्या स्वागताची जोरदार तयारी' असं लिहून. प्रज्वल त्या ग्रुपवर होता, पण तेव्हा त्यानं तो उघडून पाहिला नाही. नंतर फोटो त्यानं तिथूनच उचलला. ओळ तेवढी बदलली.

पाहुणे आले त्या दिवशी जगदेवकाका इस्त्रीचा शर्ट घालून वेशीत उभे होते. बसमधून बावीस माणसं उतरली आणि जागच्या जागी थांबली. एका बाईंनी मोबाइल वर केला आणि पुन्हा खाली घेतला. प्रज्वलचा चेहरा उतरला होता. त्यानं काळा दगड दाखवून लोक आणले होते. हे कुणी केलं, असं त्यानं विचारलं. त्या विचारण्यातला राग गावाला कळला नाही. दहाजणांनी अभिमानानं काकांकडे बोट दाखवलं. काका पुढे आले आणि पाहुण्यांना म्हणाले, "टेका ना, टेका. आता काही लागत नाही अंगाले."

कुणी टेकलं नाही.

"काका, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का हे करायला?" प्रज्वलनं विचारलं.

काका म्हणाले की नाही, कुणी नाही, माझ्याच मनानं. त्यांना वाटलं आपलं कौतुक चाललं आहे. ते हसत होते. मी तिथं होते आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा राग मला अजून येतो.

दुपारी पाहुणे रंगूकाकूंकडे जेवले. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. काकू गॅसवर करणार होत्या, पण प्रज्वलच्या माणसांनी सिलिंडर बाहेर ओट्यावर नेऊन त्यावर गोधडी टाकली आणि चुलीवरच करा म्हणून सांगितलं. प्लॅस्टिकची बादली फोटोत येते म्हणून हलवली. भिंतीवर काकूंच्या नातवाच्या वाढदिवसाचं बॅनर होतं, तेही काढलं. काकू धुरात खोकत भाकऱ्या थापत होत्या आणि समोरचे लोक म्हणत होते, किती साधं, किती खरं. काकूंनी गॅस घेतला त्याला नऊ वर्षं झाली. ती नऊ वर्षं खरी नव्हती बहुतेक. आम्ही कधी थांबायचं आणि किती जुनं राहायचं, हे ठरवायला माणसं पाचशे किलोमीटरवरून येणार असतील, तर त्यांनी निदान आधी आम्हाला विचारावं.

दोन दिवसांचा मुक्काम होता, ते दुसऱ्या सकाळीच गेले. चार दिवसांनी ती पोस्ट आली.

काका मोबाइल वापरत नाहीत. पण गावातल्या पोरांनी वाचलं आणि कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते ओसरीवर तूर पाखडत बसले होते. त्यांनी मला एवढंच विचारलं की हात तोडा असं खरंच लिहिलंय का. मी हो म्हटलं. त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि पुन्हा सूप घेतलं.

मार्च महिन्यात कंपनीचा सरपंचांना फोन आला. डिसेंबरमध्ये एक तज्ज्ञ येईल, रसायनं लावून रंग काढेल, तोवर वेशीला कुणीही हात लावायचा नाही. हे मान्य असेल तरच पुढचे पाहुणे. पंचायतीनं ठराव केला. वेशीभोवती तारेचं कुंपण आलं. पाटी आली: 'ऐतिहासिक वास्तू. स्पर्श करू नये.' गावानं बुरुजाच्या कडेनं, नालीच्या काठानं नवी पायवाट पाडली. शाळेची पोरं, दुधाच्या बरण्या, बैल, सगळे नालीकाठानं. मृगाच्या आधी काकांनी सरपंचांना दोनदा विनवलं की मला माझा रंग काढू द्या. उत्तर एकच, डिसेंबर.

पाऊस पडला.

मी तेव्हा मंगरूळपीरजवळ एका पुलाच्या कामावर होते. जुलैमध्ये एका रविवारी घरी आले तर काका मला घेऊन थेट वेशीजवळ गेले. तारेतून हात घालून त्यांनी माझं बोट रंगावर ठेवलं. रंगाला ताटाएवढा फुगा आला होता. "दाब," ते म्हणाले. मी दाबलं, फुगा फुटला आणि आतून पाणी वाहिलं. गढूळ, पांढरं पाणी.

"वरून गवतातून आत जाते. बाहीर निघाले जागा नाई. चुना भिजून राह्यला आतमंदी. आता दगडाले धरनार कोन?"

मग त्यांनी कमानीकडे बोट दाखवलं. मधल्या दगडाच्या उजवीकडच्या सांध्यात त्यांनी जूनमध्ये तुरीची एक काडी दाबून बसवली होती. तेव्हा ती ठोकून घालावी लागली होती. आता ती काडी खाली जमिनीवर पडलेली होती. मी तारेखालून आत जाऊन, शिडी लावून पट्टीनं मोजलं. फट अकरा मिलिमीटर झाली होती. कमान कशी उभी राहते हे मी परीक्षेत लिहून आले आहे. एक दगड सुटला की शेजारचा त्याच्यामागे जातो, याला डिप्लोमा लागत नाही.

मी तिथूनच प्रज्वलला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की ताई, आता ऑफ सीझन आहे, तज्ज्ञांच्या तारखा डिसेंबरच्याच आहेत.

"तोवर कमान पडली तर?"

"तीनशे वर्षं उभी आहे ती. चार महिन्यांत काय होतंय?"

"तीनशे वर्षं तिला चुना होता," मी म्हटलं.

तो म्हणाला की तुम्ही स्वतः इंजिनीअर आहात, अप्रशिक्षित माणसाच्या हातात अशी वास्तू देऊ नये हे तुम्हाला तरी समजायला हवं. मी फोन बंद केला. शेजारी अप्रशिक्षित माणूस उभा होता आणि ती पडलेली काडी बोटांत फिरवत होता. अजून महिना थांबलो तर पडेल का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पडली त लोक म्हनतीन जगदेवनं पाडली. अन् खोटं नाई म्हननार. रंग मीच देल्ला."

पोळ्याच्या आधी मारुतीच्या पारावर बैठक बसते. मानाची जोडी कुणाची, वाजंत्री कोण, हे ठरतं. गोविंदसिंगांनी सांगून टाकलं की यंदा तोरण शाळेजवळच्या नव्या सिमेंटच्या कमानीत बांधू. लोकांनी माना डोलावल्या. जगदेवकाका उभे राहिले. चारचौघांत उभं राहून बोलण्याची त्यांना सवय नाही. ते म्हणाले की माझी चूक मी चार दिवसांत दुरुस्त करतो, गावानं फक्त हो म्हणावं, मग पोळा वेशीतूनच जाईल. सरपंच म्हणाले की ठराव झालेला आहे, कंपनी नाराज होईल, गावाचं नुकसान करू नको.

माझा संताप त्या पुण्याच्या पोरावर आहेच, पण त्या संध्याकाळी तो माझ्या गावावर जास्त होता. ज्यांनी फेब्रुवारीत अभिमानानं बोट दाखवलं, ते सगळे जमिनीकडे बघत होते. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या घरी पाहुणे उतरतील. अखेर निजामचाचा बोलले. "सरपंच साहेब, पाच म्हैने झाले तार लावून. पाहुना एक नाई आला. नालीतून मात्र आपनच चाल्लो." लोक हसले. हसून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, बाजारात माणसं असताना, काकांनी कुंपणाची तार सोडली. तोडली नाही, गाठी सोडवून गुंडाळी केली आणि चाचांच्या दुकानात ठेवली. पाटीही भिंतीला टेकवून ठेवली, वर पाणी पडू नये म्हणून पोतं टाकलं. मी रजा टाकली होती. आमच्या ठेकेदाराला विचारून पुलाच्या कामावरचे लोखंडी टेकू आणले आणि आधी कमानीखाली लावले. शिडी निजामचाचांनी धरली. दुकान उघडंच होतं. गिऱ्हाईक आलं की चाचा तिथूनच ओरडून सांगत, कोणत्या फळीवर काय आहे ते.

रंग काढायला फारसं खरडावं लागलं नाही. खुरपं आत घातलं की हातभर तुकडे सुटून येत. आतला चुना भिजून दह्यासारखा झाला होता. रंगासोबत तोही येत होता. एक थर, दोन थर, निळसर थर, मळकट थर. चव्वेचाळीस वर्षं घमेल्यात पडत होती आणि त्याखाली त्यांच्या वडिलांची. एक सुकी खपली तेवढी काकांनी निवडून चाचांकडे दिली, ती चाचांनी हळदीच्या पुडीसारखी कागदात बांधली.

दुपारी गोविंदसिंग मोटरसायकलवरून आले. गाडी बंद न करता म्हणाले, "जगदेव, ठराव हाये."

"हाये ना. माहीत हाये मले."

"गुन्हा दाखल होऊ शकते तुह्यावर."

"होऊ दे. पोया वेशीतून जाईन. मंग नेजा मले कुठं न्याचं त." एवढं बोलताना काकांनी मान वळवली नव्हती.

सरपंचांनी मोबाइल काढला आणि फोटो घेतला. पुन्हा पाठीचाच.

तीन दिवसांत रंग निघाला. चौथ्या दिवशी काकांनी सुटलेल्या दगडाच्या सांध्यात दगडाच्या चिपा ठोकल्या आणि चुना, बारीक रेती, गुळाचं पाणी यांचा गिलावा आत भरला. टेकू काढायला मी घाबरत होते, म्हणून ते पोळ्यानंतर काढायचे ठरले. ते दोन्ही बाजूंना सरकवून मधून जोडीला वाट ठेवली. यंदा चुना महिनाभर भिजवायला मिळाला नव्हता, असं मला वाटलं होतं. मिळाला होता. काकांनी तो जुलैमध्येच घराच्या मागे टाकीत घालून ठेवला होता. परवानगी मिळेल की नाही हे माहीत नसताना. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वेस पुन्हा पांढरी झाली, पायथ्याला गेरूचा पट्टा आला.

पोळ्याला तोरण वेशीत चढलं. कुणी ठराव मागे घेतला नाही, कुणी त्याची आठवणही काढली नाही. दुपारनंतर जोड्या एकेक करून येऊन वेशीबाहेर उभ्या राहिल्या, जसं काही दुसरं ठरलंच नव्हतं. मानाची जोडी यंदा सरपंचांचीच होती. तोरण तुटलं, वाजंत्री वाजली, आणि पांढऱ्या कपड्यांतले गोविंदसिंग बैलांचा कासरा धरून सगळ्यांत आधी आत आले. त्यांनी नवं निळं जाकीट घातलं होतं. टेकूमुळे वाट अरुंद झालेली, त्यामुळे त्यांचा खांदा भिंतीला घासला आणि जाकिटावर हातभर पांढरा पट्टा उठला.

जगदेवकाका शेजारीच उभे होते. सवयीनं त्यांचा हात दुपट्ट्याकडे गेला. मग त्यांनी तो दुपट्टा तसाच खांद्यावर नीट केला आणि पुढच्या जोडीकडे बघू लागले.

आठ दिवसांनी पंचायतीची नोटीस आली. संरक्षक कुंपण काढून वास्तूस हात लावल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. खाली सही गोविंदसिंगांची. त्या जाकिटावरचा डाग अजून गेला नसेल.

काकांनी मला बोलावलं. रंगूकाकूंनी चहा ठेवला, गॅसवर. मी दोन पानी मसुदा करून नेला होता. त्यात चुन्याचे गुणधर्म होते, अकरा मिलिमीटर होते, फोटो होते, तारखा होत्या. मी तो वाचून दाखवला. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले की हे तुझं तू वेगळं दे, तुझ्या नावानं. माझं मी सांगतो तसं लिही. मी कोरा कागद घेतला.

त्यांनी सांगितलं ते असं, आणि मी एक अक्षर न बदलता ते उतरवलं:

"चुना पाहुन्याच्या अंगाले लागते म्हनून मी तेलरंग देल्ला. ते माहं चुकलं. आता चुनाच देल्ला हाये. तो अंगाले लागीन."

खाली त्यांनी सही केली आणि पूर्ण नाव लिहिलं.